गुंड्या आत, किल्ली आत

आमच्या गुंड्यानं गाडी आतून लॉक केली ती मे महिन्यातल्या भर दुपारी, होटगी रोडला, आसरा चौकाच्या जरा अलीकडं. त्या दिवशी सोलापूरचा पारा 43 च्या वर होता. गुंड्या म्हणजे आमचा पग जातीचा कुत्रा. वय सहा, नाक चपटं, वजन डॉक्टरांना आवडत नाही इतकं. त्याची वर्षाची लस राहिली होती. आमचे डॉक्टर जुळे सोलापुरात आणि दुपारी एकला दवाखाना बंद करतात. आम्ही शेळगीला, म्हणजे अख्खं गाव ओलांडून जायचं.

सात रस्ता सोडल्यावर मागच्या चाकातून फटफट आवाज यायला लागला. टायर बसला की काय म्हणून गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं तर एसी जाणार, म्हणून न्यूट्रल टाकून, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवूनच उतरले आणि दार लोटलं. मी चाकाशी वाकते तोवर गुंड्या मागच्या सीटवरून माझ्या सीटवर आला, मी कुठं गेले ते बघायला दाराच्या आर्मरेस्टवर दोन्ही पंजे देऊन उभा राहिला, आणि खट्ट. चारही दारं एकदम. दार उघडं असताना बऱ्याच गाड्या अशा लॉक होत नाहीत, पण एकदा दार लागलं की आतलं बटण कुणी दाबलं, माणसानं की कुत्र्यानं, हे गाडी विचारत नाही. (टायरला काही झालं नव्हतं. चाकाच्या वरचं प्लास्टिक सुटून घासत होतं.)

मोबाइल हातात होता, तेवढं बरं. बाकी पर्स आत, पाण्याची बाटली आत, गुंड्याचा पट्टा आत. दुसरी किल्ली घरी कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्याच जुडग्यात, जो माझ्यासमोर काचेपलीकडं लोंबकळत होता. नवरा बार्शीला गेलेला. डिकीसुद्धा सेंट्रल लॉकिंगवरच.

अशा वेळी कुणालाही सुचतं तेच मला सुचलं: ज्यानं बटण दाबलं त्याच्याकडूनच परत दाबून घ्यायचं. खिडकीशी उभी राहून मी त्याला हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, बटणाच्या जागी बाहेरून बोट आपटलं. त्याला वाटलं खेळ आहे. या सीटवरून त्या सीटवर उड्या, भुंकणं, काच चाटणं. पंजा सगळीकडं पडला, बटण सोडून. काच खाली करायची बटणंही तिथंच, त्यावरही नाही. आणि बघता बघता तो धापा टाकायला लागला. तेव्हा मी हाका मारणं थांबवलं. कुत्रं जितकं नाचवाल तितकं आतून तापतं, आणि चपट्या नाकाचं कुत्रं एकदा धापायला लागलं की लवकर शांत होत नाही. पण तोवर गर्दी जमली होती, आणि गर्दीतला प्रत्येक माणूस काचेवर टकटक करून ‘ए टॉमी, ए टॉमी’ करत होता.

‘काय झालं ओ अक्का?’ रिक्षा थांबवून एक अण्णा उतरले. पांढरे केस, खाकी शर्ट, खिशाला पेन. मी सांगितलं.

‘एसी चालू हाय की. मग कशाला टेन्शन घेऊलालाव?’ मागून एक पोरगा बोलला.

अण्णांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. गाडीच्या पुढं जाऊन जाळीपाशी हात धरला. ‘पळत्या गाडीचा एसी वेगळा, उभ्या गाडीचा वेगळा,’ म्हणाले. गाडी पळते तेव्हा समोरून वारा लागतो. उभी असली की सगळा भार आतल्या पंख्यावर, आणि तो पंखा डांबरावरची भट्टीतली हवाच ओढून घेतो. इंजिन नुसतं घुमत असल्यामुळं कॉम्प्रेसरही मंद फिरतो. त्यातून इंजिनच तापलं तर गाडी स्वतःला वाचवायला आधी एसी तोडते. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, मी इथं जरा सुटं करून लिहिलंय. डॅशबोर्डवर पेट्रोलचा पिवळा दिवा लागलेला दिसत होता, त्यावरून त्या पोराला दुसरी काळजी सुचली, तर अण्णा म्हणाले, ‘उभ्या गाडीला एसीसकट तासाला लिटरभर लागतंय बे. रिझर्व्हात चार लिटर तर असतंय. पेट्रोलचं सोड.’

म्हणजे वेळ होता, पण किती ते कुणाच्या हातात नव्हतं. मला तेव्हाही आणि आताही वाटतं की ‘एसी चालू आहे’ हे वाक्य अशा प्रसंगात सगळ्यात घातक. त्यानं माणूस निवांत होतो.

सावली करायची ठरली. गाडी ढकलून झाडाखाली न्यावी तर हँडब्रेक ओढलेला. शिवाय सावली होतीच कुठं? मेच्या मध्यावर सोलापुरात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावली म्हणतात ते हेच दिवस. भिंतीची सावली भिंतीच्याच पायाशी. समोरच्या फ्लेक्सच्या दुकानातला मुलगा धावत एक भलामोठा फ्लेक्स घेऊन आला. कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचा, रंग बिघडल्यामुळं परत आलेला. भाऊंचा चेहरा पार जांभळा. मी आधी पुढची काच झाकायला लावली, कारण सगळ्यात जास्त ऊन त्या तिरक्या मोठ्या काचेतूनच आत येतं. मग टप. अण्णांनी पुढची जाळी मोकळी ठेवायला लावली, इंजिनाचा श्वास कोंडायला नको म्हणून. रस्त्याच्या आतल्या बाजूच्या खिडक्याही न झाकताच ठेवल्या. गुंड्या दिसत राहायला हवा होता. झाकून टाकलेलं कुत्रं शांत आहे की बेशुद्ध, हे बाहेरून कळत नाही.

मग फोन. पहिला डॉक्टरांना. इथं माझं डोकं ठिकाणावर होतं, असं म्हणते. चावीवाल्याच्या आधी डॉक्टर. कारण दार कसं उघडायचं हे सांगायला तिथं पंधरा माणसं होती, कुत्रं कधीपर्यंत तग धरेल हे सांगणारं कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ‘ताई, घड्याळ बघू नका, जीभ बघा.’ जीभ टोकाशी रुंद पसरून कडा वर वळल्या, लाळ पाण्यासारखी न राहता चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसायला लागल्या, किंवा हाक मारल्यावर मान वळवेनासा झाला, यातलं एक जरी दिसलं तरी कुणाचीही वाट न बघता काच फोडायची. कोसळायची वाट बघायची नाही. आणि बाहेर काढल्यावर आधी थंड करायचं, मग दवाखान्यात आणायचं. उलटं नाही.

दुसरा फोन विम्याबरोबर मिळालेल्या मदतसेवेला. नंबर काचेवर आतून चिकटवलेला, बाहेरून उलटा वाचावा लागला. पलीकडच्या मुलीनं नाव, गाडीचा नंबर, ठिकाण सगळं शांतपणे विचारलं. ‘गाडीत लहान मूल आहे का मॅडम?’ म्हटलं कुत्रा आहे. ‘ओके मॅडम, साठ ते नव्वद मिनिटांत आमचा माणूस पोहोचेल.’ तिचा दोष नाही, पण नव्वद मिनिटं हा आकडा ऐकून माझे हातपाय गार पडले, 43 डिग्रीत. तिसरा फोन अण्णांनी केला, नवी पेठेतल्या त्यांच्या ओळखीच्या चावीवाल्याला. तो हातातलं काम टाकून निघतो म्हणाला. 112 आणि 101 हे दोन्ही नंबर डोक्यात होते, ते लावायची वेळ आली नाही.

आता गर्दी. एका काकांनी मला सुनावलं, की मुक्या जनावरावर अत्याचार केल्याची केस होते. एक मुलगा व्हिडिओ काढत होता. घरी आल्यावर मी मुद्दाम शोधून बघितलं: प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा 1960 सालचा, आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. त्या काळी ती रक्कम मोठी असेल. दुसऱ्या एका बाईंचं म्हणणं, काच दोन बोटं खाली ठेवून उतरायचं असतं. हेही नंतर वाचलं. 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाड्यांचं आतलं तापमान मोजलं होतं. तासाभरात आतला पारा सरासरी 22 डिग्रीनं चढला, आणि त्यातला ऐंशी टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासातच. काच थोडी उघडी ठेवून त्यात फारसा फरक पडला नाही. आणि तिथं बाहेरचं तापमान 22 ते 36 च्या दरम्यान होतं, म्हणजे आपल्याकडची जानेवारी-फेब्रुवारी. काकूंचा सल्ला हवेसाठी ठीक, उष्णतेसाठी नाही. हां, दोन बोटांच्या फटीतून तार घालून बटण दाबता आलं असतं, तो फायदा खरा.

फ्लेक्स टाकल्यावर काही वेळ बरं चाललं. गुंड्या माझ्या सीटवर आडवा झाला, एसीच्या झरोक्याकडं तोंड करून. मी लोकांना काचेपासून मागं सरकवलं आणि एकटीच खिडकीशी बसून राहिले, त्याला दिसेन अशी, पण बोलत नव्हते. अण्णा उकिडवे बसून गाडीखाली बघत होते. मला कळेना काय बघतात. मग त्यांनी बोलावलं. गाडीखाली डांबरावर रुपयाएवढा ओला डाग होता. एसीचं पाणी तिथं थेंब थेंब पडतं. ‘थेंब थांबलाय अक्का,’ म्हणाले. ‘मघापासून पडला न्हाई.’ डाग आमच्या डोळ्यांदेखत कडेनं वाळत चालला होता. पंख्याचा आवाज येत होता, हवा येत होती, पण ती गार राहिली नव्हती. आत नजर टाकली तर इंजिनाच्या तापमानाचा काटा मघाच्या जागेवर नव्हता.

मी गुंड्याकडं बघितलं. तो उठून बसला होता. जीभ एका बाजूनं बाहेर, टोकाला रुंद, कडा वळलेल्या. लाळेची एक तार सीटपर्यंत लोंबत होती, तुटत नव्हती. मी हळू आवाजात ‘गुंड्या’ म्हटलं. त्यानं बघितलं, पण उशिरा, आणि माझ्या जरा बाजूला.

‘काच फोडा,’ म्हटलं.

त्यावरही मतभेद. व्हिडिओवाला मुलगा म्हणाला, मागची छोटी तिकोनी काच फोडा, स्वस्तात पडेल. अण्णा म्हणाले ती लहान असली तरी महाग पडते, मिळायलाही अवघड, आणि तिच्यातून हात घालून लॉकपर्यंत पोहोचणार कसा? पुढची काच फोडायची नाहीच. ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते, तडकते पण जागची हलत नाही. बाजूच्या काचा कडक केलेल्या, फुटल्या की पूर्ण फुटतात. आमच्या काचांना काळी फिल्म नव्हती हे बरं, नाहीतर तुकडे फिल्मला धरून राहिले असते. गुंड्या ड्रायव्हरच्या सीटवर, म्हणून त्याच्यापासून सगळ्यात लांबची, मागची डावी काच ठरली.

एकानं दगड उचलून मारला, बरोब्बर मधोमध. दगड उसळून त्याच्याच पायाशी आला. ही काच मधोमध मारायची नसते, मधे ती भार झेलते. कोपऱ्यात मारायची, आणि बोथट नाही, टोकदार. गाडीतला पाना-जॅक डिकीत, डिकी बंद. शेजारच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून एक जण सेंटर पंच आणि छोटी हातोडी घेऊन आला. लोखंडावर ड्रिल मारायच्या आधी खूण पाडायला वापरतात तो बोटभर पोलादी पंच. मी ड्रायव्हरच्या बाजूला गेले, रसवंतीवरच्या मावशींनी दिलेला पार्ले-जीचा पुडा काचेला लावून धरला, म्हणजे तो माझ्याकडंच बघत राहील. त्या माणसानं डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा चढवला, पंच काचेच्या खालच्या कोपऱ्यात टेकवला आणि हातोडीनं नुसती टिचकी मारली. दगडानं न फुटलेली काच एका क्षणात खडीसाखरेसारखी खाली ओघळली. आवाजही फारसा नाही.

फ्लेक्सवाल्या मुलानं हाताला फडकं गुंडाळून आतून लॉक ओढलं. माझं दार उघडलं तेव्हा मी आधी इंजिन बंद केलं नाही, किल्ली काढली नाही, आधी गुंड्याला उचललं. असं अडकलेलं जनावर दार उघडताच उडी मारून रस्त्यावर पळतं, आणि होटगी रोडची वाहतूक म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. पण गुंड्या उडी मारायच्या स्थितीत नव्हता. जमिनीवर ठेवला तर मागचे पाय फाकले, आणि त्यानं पिवळट फेस ओकला.

फ्लेक्सच्या दुकानात पत्र्याखाली एक मोठा उभा पंखा होता, छपाई वाळवायचा. त्याच्यासमोर त्याला आडवा केला. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, गाडीत नमुन्याचे टॉवेल कायम असतात. त्यातला एक खाली अंथरला. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं त्या दुकानदारानं पिण्याच्या पाण्याचा भरलेला जार उचलून माझ्याकडं दिला आणि म्हणाला, ‘ओता ओ ताई, परत आणता येतंय.’ पोटावर, काखेत, मांड्यांच्या आत, पंजांवर ओतत राहिले. हातानं केस उलटे फिरवत, म्हणजे पाणी कातडीपर्यंत जाईल. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांनाच. बाकी सगळी भिस्त धापांवर. जिभेवरचं पाणी वाळलं तर अंग थंड होतं. बंद गाडीत त्याच्याच श्वासानं हवा दमट होते, मग कितीही धाप टाकली तरी जीभ वाळत नाही, आणि धापण्याच्या कष्टानं अंग उलट आणखी तापतं. पगच्या नाकाला तर मुळात जागाच कमी. म्हणून ओलं अंग आणि वारा, दोन्ही एकदम लागतं.

सल्ले इथंही आलेच. रसवंतीवरून एकानं बर्फाची लादी आणली. डॉक्टर फोनच्या स्पीकरवर होते, ते म्हणाले लादी अंगावर चोळत बसू नका, साधं पाणी भरपूर ओता, थांबू नका. कुणी ओला टॉवेल त्याच्यावर पांघरला, तोही काढायला लावला. पांघरलेला टॉवेल थोड्या वेळात गरम होतो आणि आतली वाफ धरून ठेवतो. एका मावशींनी प्रेमानं कांदा फोडून आणला, रस पाजायला आणि तळपायांना चोळायला. आपल्याकडं उन्हाळ्यात कांद्यावर भारी विश्वास, खिशात कांदा घेऊन हिंडणारी माणसं मी बघितलीत. पण कांदा कुत्र्याला विष आहे. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मावशींना वाईट वाटू नये म्हणून मी कांदा घेऊन बाजूला ठेवला. आणखी एकानं क्रोसिनची गोळी सुचवली. उष्माघात म्हणजे ताप नव्हे, त्यावर तापाची गोळी चालत नाही, आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला बाधू शकतं. पाणी पाजायचं तेही वाटीत समोर ठेवून, त्याला वाटलं तर. घशात ओतलं तर बेशुद्धीकडं झुकलेलं जनावर ते फुफ्फुसात ओढून घेतं.

काही वेळानं त्यानं मान उचलून पाण्यात तोंड घातलं. चार घोट. मग मी त्याला ओलाच उचलला.

एवढ्यात चावीवाला आला. तरुण मुलगा, पाठीला सॅक. फुटलेली काच बघून त्याचा चेहरा पडला. सॅकमधून त्यानं एक चपटी रबरी पिशवी काढून दाखवली, रक्तदाब मोजायच्या पट्ट्याला असतो तसाच पंप लावलेली. दाराच्या फटीत घालून फुगवली की फट बोटभर रुंदावते, तिच्यातून लांब सळई आत जाते, बटण दाबलं की झालं. ‘दोन मिनिटांचं काम होतं ओ मॅडम,’ म्हणाला. गर्दीतल्या काकांना तेवढंच हवं होतं: ‘बघा, उगाच काच फोडली.’ अण्णांनी माझ्या वतीनं उत्तर दिलं, ते इथं छापण्याजोगं नाही. दोन मिनिटांचं काम खरंच होतं, पण ते करणारा माणूस लक्ष्मी मार्केटच्या गर्दीत अडकला होता तेव्हा गुंड्याची मान नीट वळत नव्हती. त्या मुलाला मी येण्याचे पैसे दिले. तो घेत नव्हता.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता, डॉक्टर थांबले होते. गुदद्वारातून ताप मोजला: 104 च्या थोडा वर. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 असतं, त्यामुळं हा आकडा माणसाच्या हिशेबानं वाचायचा नाही. रस्त्यात पाणी ओतायच्या आधी तो 106 च्या आसपास असावा, असा त्यांचा अंदाज. सलाइन लावलं, अंग पुसत राहिले, आणि 103.5 ला पुसणं थांबवलं. त्याच्या पुढं थंड करत राहिलं तर पारा घसरत घसरत नको तितका खाली जातो.

मला वाटलं झालं. डॉक्टर म्हणाले, खरी गोष्ट आता पुढं. उष्माघातातून उठलेलं कुत्रं संध्याकाळी शेपूट हलवतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिघडतं. उष्णतेनं मूत्रपिंड, यकृत, आतड्याचं अस्तर आणि रक्त गोठवणारी यंत्रणा यांना जो मार बसतो तो उशिरा दिसतो. म्हणून त्याच दिवशी रक्त घेतलं, दुसऱ्या दिवशी परत, आणि नंतर परत. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताची एन्झाइम्स, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स. घरी माझ्यावर कामं सोपवली: लघवी कितीदा आणि कोणत्या रंगाची, शी काळी होतेय का, पोटावरच्या उघड्या कातडीवर लाल ठिपके दिसतात का, हिरड्यांतून रक्त येतं का. रात्री टॉर्च लावून मी त्याचं पोट तपासत होते आणि तो गुदगुल्या होतात म्हणून पाय झाडत होता. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट्स खाली आल्या होत्या, ती रात्र वाईट गेली. पुढच्या तपासणीत वर चढल्या. लस पुढं ढकलली, आजारातून उठलेल्या जनावराला लगेच टोचत नाहीत.

काचेचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. विम्यातून पैसे मागता येतात. आपल्याकडं काचेवर घसारा कापत नाहीत. पण 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये स्वतःचेच जातात, आणि वर्षभरात दावा केला की पुढच्या हप्त्यातली नो क्लेम बोनसची सूट जाते. आमची सूट वर्षं साठून 50 टक्क्यांवर गेलेली. एका दाराच्या काचेसाठी ती घालवणं परवडत नव्हतं, खिशातून भरले. काच पुण्याहून यायची होती, तोवर खिडकीला फ्लेक्सचा तुकडा चिकटवून हिंडले. भाऊंचा जांभळा कान आणि अर्धी मिशी. ऑफिसात सगळ्यांनी विचारून घेतलं की कोणत्या पक्षात गेलीस. काच बदलताना दाराचं आतलं पॅनल उघडून तुकडे काढायला लावा, नाहीतर काच वर-खाली करताना ते आत घासत राहतात. आणि सीटच्या रुळांमधले तुकडे व्हॅक्यूमनं निघत नाहीत, ते ओल्या कणकेच्या गोळ्यानं टिपायचे. कुत्र्याचे पंजे नेमके तिथंच पडतात.

पुढच्या रविवारी त्या चावीवाल्या मुलाला घरी बोलावलं. त्यानं नेहमीच्या किल्लीवरून एक साधी किल्ली कापून दिली, चिप नसलेली. तिनं इंजिन चालू होत नाही, पण ड्रायव्हरचं दार उघडतं, आणि चिपवाल्या किल्लीच्या मानानं तिची किंमत काहीच नाही. बटणानं चालू होणाऱ्या गाड्यांनाही दाराच्या हँडलखाली बहुतेक असं छिद्र असतं, टोपणाखाली दडवलेलं, तेही त्यानंच दाखवलं. ती किल्ली आता मोबाइलच्या कव्हरमध्ये असते. नवरा म्हणाला, मोबाइलच आत राहिला तर? म्हणून त्या मुलाला लगेच आणखी एक कापायला सांगितली.